डोक्यावर घेतलेली सायकल

इतिहास म्हटला की आपल्याकडे किल्ले, तह आणि सनावळ्या आठवतात. एखाद्या वस्तूला इतिहास असायचा, तर तिनं निदान एखादं राज्य तरी बुडवलेलं असावं, अशी आपली प्रामाणिक समजूत आहे. त्या हिशेबानं मोटारीच्या टपावरच्या कॅरियरला इतिहास असण्याचं काही कारण नाही. त्यानं कुणाचं राज्य बुडवलं नाही, की कुणाला तख्तावर बसवलं नाही. बसवल्याच तर सायकली बसवल्या, आणि बर्फावर घसरायच्या फळ्या. पण आम्ही पडलो कॉमर्सचे पदवीधर आणि पोटापाण्यानं बँकेतले कारकून. इतिहास शाळेत सुटला तो सुटलाच. पुढं शिकलो तो जमाखर्च. आणि जमाखर्चाच्या नजरेनं पाहिलं, तर माणूस तख्तावर कुणाला बसवतो यापेक्षा टपावर काय बांधतो, यात त्याचा खरा इतिहास सापडतो, असं माझं मत झालं आहे.

या मताला कारण आमचा पुतण्या. तो अमेरिकेत सिएटलला असतो. कॉम्प्युटरमध्ये आहे हे वेगळं सांगायला नको. सिएटलमधला मराठी मुलगा कॉम्प्युटरमध्ये नसला तरच सांगण्यासारखं काही असतं. मध्यंतरी त्यानं फोनवर एक फोटो पाठवला. मागे बर्फानं माखलेला डोंगर, पुढे त्याची मोटार, आणि मोटारीच्या टपावर दोन सायकली, मखरातल्या ज्येष्ठा-कनिष्ठा गौरींसारख्या शेजारी शेजारी ताठ उभ्या. खाली लिहिलं होतं, 'काका, रॅक घेतला!'

आमच्या घरात 'फ्लॅट घेतला' यालाच काय ते उद्गारचिन्ह लावायची पद्धत आहे. मी लगेच फोन लावला.

"सायकली कुठं निघाल्यात?"

"डोंगरावर. रविवारी चालवायला जातो आम्ही."

"मग चालवतच का जात नाही?"

"काका, दीड तासाचा रस्ता आहे. मोटारीनं."

"म्हणजे सायकल चालवायला मोटार चालवत जायचं?"

"हो."

"आणि येताना?"

"येताना मोटारीनंच. दमलेले असतो ना!"

यावर बोलण्यासारखं काही उरत नाही. मी रॅकची किंमत विचारली. त्यानं ती डॉलरमध्ये सांगितली आणि मी सवयीनं तोंडातल्या तोंडात गुणाकार केला. तेवढ्या रकमेत इथं बऱ्यापैकी जुनी स्कूटर आली असती. शिवाय ती डोक्यावर न घेता चालवता आली असती. फोटो पुन्हा नीट पाहिला. सायकलींना मडगार्ड नव्हतं, घंटी नव्हती, स्टँड नव्हता आणि स्वतःचं कॅरियरही नव्हतं. आपल्याकडे असली सायकल दिसली तर अर्धी चोरीला गेलेली समजतात. पण ज्याला स्वतःचं कॅरियर नाही तोच दुसऱ्याच्या कॅरियरवर बसतो, हा नियम आम्ही बँकेतही पाहिलेला आहे.

ही शेजारी भाजी निवडत बसली होती. तिनं विचारलं, "कुठला म्हणे रॅक?"

"थुले," मी दांडीवरचं नाव वाचून सांगितलं.

"धुळ्याचा माल सिएटलला जातो?" ही म्हणाली. तिचा मामेभाऊ धुळ्याला असतो. त्याला या धंद्यात पडायला सांगावं, असंही तिनं मेथीची जुडी संपायच्या आत ठरवून टाकलं.

धुळ्याचा या रॅकशी काही संबंध नाही, हे तिला पटवण्यासाठी मी वाचायला सुरुवात केली. वाचता वाचता मीच त्यात अडकलो. त्याचा हा हिशेब.

टपावर काही ठेवायचं तर आधी टप पाहिजे. घोड्यांच्या जमान्यात तो होता. इंग्लंडातल्या टपालगाड्यांच्या टपावर सामानच काय, माणसंही बसत. त्यांना पावसात भिजण्याबद्दल भाड्यात सवलत मिळे. मोटार आली आणि टप गेला, कारण सुरुवातीच्या मोटारी बहुतेक उघड्याच असत. मग बंद मोटारी आल्या, पण त्यांचं छत म्हणजे लाकडी सांगाडा आणि मध्ये ताणून बसवलेलं कापड. त्यावर ट्रंक ठेवली असती तर ती मालकाच्या मांडीवर उतरली असती. म्हणून १९२०च्या दशकातली माणसं सामान ठेवत ती दाराखालच्या फूटबोर्डावर. त्याला लावायला घडीची लोखंडी जाळी मिळे. जाळीत ट्रंका बसल्या की त्या बाजूचं दार उघडत नसे, एवढीच अडचण. सबंध पोलादी पत्र्याचं छत जनरल मोटर्सनं आपल्या १९३५ सालच्या गाड्यांवर आणलं आणि मोटारीला खऱ्या अर्थानं डोकं आलं. डोकं आलं की त्यावर ओझं येणारच. संसाराचा नियमच तो आहे.

त्या काळच्या मोटारींना आणखी एक सोय होती. दाराच्या वरच्या कडेनं एक बारीक पन्हळ असे. चाळीच्या पत्र्यावरचं पाणी जसं पन्हळीतून कोपऱ्यात जाऊन शेजाऱ्याच्या दारात पडतं, तसं मोटारीवरचं पाणी या पन्हळीतून मागं-पुढं जाई आणि दार उघडणाऱ्याच्या मानेत पडत नसे. ही पन्हळ भक्कम असे. कॅरियरचे चार पाय या पन्हळीत अडकवून स्क्रू आवळला की काम झालं. भार मधल्या पत्र्यावर न येता कडेच्या खांबांवर जाई. पन्हळ पाण्यासाठी केली आणि उपयोग झाला सामानासाठी. आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीच्या पाइपाला कपडे वाळत घालतात, त्यातलाच प्रकार.

आता प्रश्न आला की टपावर चढवायचं काय? याचं पहिलं ठसठशीत उत्तर बर्फाळ देशांनी दिलं : स्की. म्हणजे पायाला बांधायच्या दोन लांबलचक फळ्या. किती लांब? माणसानं सरळ उभं राहून हात वर केला की मनगटापर्यंत पोचतील एवढ्या, असा जुना हिशेब होता. असली वस्तू मोटारीच्या आत घ्यायची तर एक टोक ड्रायव्हरच्या कानाशी आणि दुसरं मागच्या काचेबाहेर. अमेरिकेत १९३१ साली बॉस्टनहून न्यू हॅम्पशायरच्या डोंगरांकडे खास 'स्नो ट्रेन' सुटू लागल्या. शहरातली माणसं फळ्या घेऊन आगगाडीत बसायची. पण आगगाडी स्टेशनाशी थांबते आणि डोंगर तिथून पुढं असतो. पुढं माणसांकडे मोटारी आल्या आणि त्यांनी फळ्या टपावर बांधल्या. दोरीनं बांधल्या. सुटल्या. पुन्हा बांधल्या. जगातला कुठलाही धंदा हा असा कुणाची तरी दोरी सुटल्यावरच सुरू होतो.

हा धंदा सुरू झाला स्वीडनमध्ये. स्मोलंड नावाचा तिथला एक प्रांत. खडकाळ जमीन, घनदाट जंगल आणि काटकसरीबद्दल देशभर गाजलेली माणसं. आपल्याकडे काही शहरांची नावं या संदर्भात घेतात. मी घेत नाही, मला तिथं सासुरवाड आहे. या स्मोलंडात हिलेरस्टॉर्प नावाच्या गावी एरिक थुलीन या गृहस्थांनी १९४२ साली थुले ही कंपनी काढली. प्राचीन ग्रीक लोक उत्तरेकडच्या अगदी शेवटच्या भूमीला थुले म्हणत. थुलीनसाहेबांचं आडनाव त्यात आयतंच बसलं. त्यांचा पहिला माल काय असावा? रॅक नव्हे. पाइक नावाचा मासा पकडायचा सापळा! बर्फ, मासे आणि काटकसर एवढंच भांडवल असलेला माणूस दुसरं काय करणार? मोटारीचं सामान त्यानंतर आलं, टपावरचा रॅक १९६२ साली आला आणि स्कीचे रॅक त्याच्या पाठोपाठ आले.

याच स्मोलंडात १९४३ साली आणखी एका तरुणानं दुकान थाटलं, त्याचं नाव इकिया. १९५६च्या सुमारास त्या कंपनीच्या एका माणसाला टेबल मोटारीत घालून न्यायचं होतं. ते मावेना. त्यानं टेबलाचे पाय काढले आणि टेबल आत सरकवलं. पाय काढून विकायच्या फर्निचरचा मोठा धंदा त्यातून उभा राहिला. म्हणजे एकाच प्रांतातल्या माणसांना एकच प्रश्न पडला, वस्तू मोटारीत मावत नाही. एकानं वस्तूचे पाय काढले, दुसऱ्यानं मोटारीच्या टपाला पाय लावले. दोघंही श्रीमंत झाले. आपल्याकडे हाच प्रश्न पडला तर आपण म्हणतो, "बसेल हो, जरा सरकून घ्या."

अमेरिकेतल्या यांच्या प्रतिस्पर्ध्याचीही कथा पाण्यातूनच सुरू होते. वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा गावात १९७३ साली याकिमा नावाचीच कंपनी निघाली. ती बनवत असे कायाक नावाच्या अरुंद होडीत पाय रोवायला लागणारे टेकू. होडीत पाय टेकले की होडी नदीपर्यंत न्यायची कशी, हा प्रश्न आलाच, मग रॅक. सारांश, टपावरच्या रॅकचे दोन मोठे कारखानदार, एक आला माशाच्या सापळ्यातून आणि दुसरा होडीतल्या टेकूतून. ही माहिती मी हिला दिली. मामेभाऊ सध्या मासे खात नाही, एवढंच ती म्हणाली.

मग आला स्नोबोर्ड. १९६५ साली अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या मस्कीगन गावी शेर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थांनी दोन स्की शेजारी शेजारी जोडून मुलींना खेळणं करून दिलं. त्यावर एखाद्या फळकुटावर उभं राहावं तसं आडवं उभं राहून घसरायचं. पुढं १९७७ साली जेक बर्टन कार्पेंटर यांनी व्हरमाँटमध्ये असल्या फळ्यांचा कारखाना घातला आणि तरुण पोरांचं वेडच झालं. स्कीवाल्या जुन्या मंडळींना हे अजिबात आवडलं नाही. आमच्या उतारावर ही पोरं नकोत, म्हणून बऱ्याच ठिकाणी बोर्डाला बंदी झाली. १९९८ साली नागानोच्या ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्डला मान मिळाला, तरी अमेरिकेतल्या तीन ठिकाणी, म्हणजे यूटाहमधलं आल्टा, तिथलंच डिअर व्हॅली आणि व्हरमाँटमधलं मॅड रिव्हर ग्लेन इथं, आजही बोर्डवाल्याला उतारावर मज्जाव आहे. पण टपानं असला भेदभाव कधी केला नाही. रबराचा जबडा उघडून स्की जशी धरायची तसाच बोर्डही धरायचा. बाप आणि मुलगा डोंगरावर एकमेकांचं तोंड पाहत नसतील. टपावर त्यांच्या फळ्या शेजारी शेजारी सुखानं पडून असत.

इथवर सगळं सुरळीत चाललं होतं. मग पन्हळ गेली. १९७३ साली तेलाचा भडका उडाला आणि मोटारी कमी पेट्रोल पिणाऱ्या हव्यात, असं सगळ्यांना वाटू लागलं. कारखानदार मोटारी वाऱ्याच्या बोगद्यात घालून त्यांच्या अंगावरचा एकेक कंगोरा घासून काढू लागले. १९८२ सालची आउडी १०० ही मोटार इतकी गुळगुळीत केली होती, की वारा तिच्यावरून घसरूनच जाई. काचासुद्धा पत्र्याच्या पातळीत आणल्या होत्या. या घासाघाशीत एकामागून एका मोटारीची पन्हळ नाहीशी झाली, आणि रॅकवाल्यांच्या पायांखालची जमीनच गेली. एक पाय सगळ्या मोटारींना चालायचा ते दिवस संपले. आता प्रत्येक मोटारीच्या दाराच्या कडेचं माप घ्यायचं, तिच्यासाठी वेगळा पाय, वेगळा पत्रा, वेगळं रबर. जोड्याच्या दुकानात असतात तशी खोकी लागली. पुतण्याचा रॅक महाग का, याचं अर्धं उत्तर इथं आहे : तो रॅक त्याच्या मोटारीच्या पायाचा माप घेऊन केलेला जोडा आहे.

गंमत पुढं आहे. इंजिनिअरांनी वर्षानुवर्षं खपून मोटार गुळगुळीत केली आणि मालकानं काय केलं? तिच्या डोक्यावर दोन आडव्या दांड्या आणि दोन उभ्या सायकली लावल्या. घासून काढलेला वारा व्याजासकट परत आला. बरं, सायकली उतरवल्यावर रॅक तरी काढावा? छे! तो वर्षभर रिकामाच वर. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या आणि एका सरकारी ऊर्जासंस्थेच्या संशोधकांनी २०१६ साली याचा हिशेब प्रसिद्ध केला. टपावरच्या रॅकांपायी, भरलेल्या आणि रिकाम्या मिळून, त्या देशात वर्षाला सुमारे १० कोटी गॅलन पेट्रोल जादा जळतं. म्हणजे जवळजवळ ३८ कोटी लिटर. काम नसताना रॅक काढून ठेवला तर त्यातलं बरंच वाचेल. हे वाचून मला परक्या देशात एकदम घरच्यासारखं वाटलं. रिकामा रॅक म्हणजे आमच्या भाषेत निष्क्रिय खातं. खातेदार फिरकत नाही, खातं बंदही करत नाही, आणि चार्जेस चालूच.

उंचीचा खर्च वेगळाच. मोटार चालवणारा माणूस पुढं पाहतो, आरशात मागं पाहतो. वर पाहायला त्याला कुणी शिकवलेलं नसतं. पुतण्याचा एक शेजारी डोंगरावरून घरी आला, बटण दाबून गॅरेजचं दार उघडलं आणि समाधानानं आत शिरला. सायकली बाहेर राहिल्या. अशी वेळ मोठमोठ्यांवरही येते. २९ जून २०१३ रोजी कॉर्सिका बेटावर बास्तिया गावी टूर द फ्रान्स या सायकलशर्यतीचा पहिला टप्पा संपायचा होता. स्पर्धक वेगानं येताहेत आणि अंतिम रेषेवरच्या कमानीखाली एका संघाची बस अडकलेली! शेवटी टायरमधली हवा सोडून बस मागं घेतली. तोवर अंतिम रेषा अलीकडे आणण्याचं जाहीर झालं होतं, मग ती पुन्हा होती तिथं नेली. शर्यत कुठं संपणार हे शर्यत संपत आल्यावर ठरलं. आमच्या परीक्षांचं वेळापत्रक आठवलं.

तेव्हा हिशेब असा : पैसे जादा, पेट्रोल जादा, गॅरेजचं दार जादा. खर्चाची बाजू भरली आणि जमेची कोरी. कुठल्याही शहाण्या माणसानं हे खातं बंद करावं. तरी माणसं टपावर सायकल का बांधतात? या प्रश्नाचं उत्तर मला त्याच टूर द फ्रान्सच्या १९१३ सालच्या शर्यतीत सापडलं.

त्या वेळी नियम असा, की वाटेत सायकल मोडली तर ती ज्याची त्यानं दुरुस्त करायची. कुणाची मदत घ्यायची नाही. पिरेनीज पर्वतातला तुर्माले घाट उतरताना यूजेन क्रिस्तोफ या फ्रेंच स्पर्धकाच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. तो जिंकण्याच्या बेतात असलेल्यांपैकी एक. त्यानं सायकल खांद्यावर घेतली आणि दहाएक किलोमीटर घाट पायी उतरून सेंत-मारी-द-कांपां नावाच्या खेड्यात आला. त्या दिवशी सायकलीचं कॅरियर तो स्वतःच होता. खेड्यात लोहाराची भट्टी होती. लोहार शेजारी उभा. त्यानं हात लावायचा नाही. अधिकारी उभे, लक्ष ठेवायला. क्रिस्तोफनं स्वतः लोखंड तापवलं, ठोकलं, चिमटा जोडला. तीनएक तास गेले. दोन्ही हात कामात, म्हणून भात्याला वारा घालायला त्यानं एका लहान पोराला सांगितलं. अधिकाऱ्यांनी ते टिपलं आणि बाहेरची मदत घेतल्याबद्दल त्याला दहा मिनिटांचा दंड ठोकला. पुढं तो तीन मिनिटांवर आणला म्हणतात. आमच्याकडेही शाई स्वतःची न वापरल्याबद्दल व्हाउचर परत करणारे साहेब होऊन गेले, पण इतकं कुणी नव्हतं. एवढं होऊनही क्रिस्तोफ त्या शर्यतीत सातवा आला.

आज त्याच शर्यतीत प्रत्येक संघाची मोटार मागोमाग येते. तिच्या टपावर सायकलींची रांग असते, मागच्या सीटवर मेकॅनिक बसलेला असतो. टपावरसुद्धा मानपान आहे : संघाच्या नायकाची सायकल कडेला, हात घातला की निघेल अशी, बाकीच्यांच्या मधे. ज्याच्या संघाची मोटार मागं पडली असेल त्याच्यासाठी सगळ्यांना मदत करणाऱ्या तटस्थ मोटारीही असतात. माव्हिक कंपनीनं ही सेवा १९७३ साली सुरू केली. त्यांच्या पिवळ्या मोटारी टूरमध्ये वर्षानुवर्षं दिसत. २०२१पासून तिथं ते काम शिमानोच्या निळ्या मोटारी करतात. १४ जुलै २०१६ रोजी मों व्हाँतू डोंगरावर गर्दीत मोटारसायकल थांबली, धडक झाली आणि पिवळी जर्सी घातलेल्या ख्रिस फ्रूमची सायकल मोडली. तो चक्क पळत सुटला. डोंगर चढत, सायकलचे बूट घालून, पायांनी! तटस्थ मोटारीनं टपावरची सायकल काढून दिली, तर ती त्याला लहान आणि पायटे भलतेच. शेवटी त्याच्या संघाची मोटार आली आणि टपावरून त्याच्या मापाची सायकल उतरली. पंचांनी मागाहून वेळेचा हिशेब सुधारून त्याची जर्सी त्याच्याकडेच ठेवली, आणि ती शर्यत त्यानंच जिंकली.

१९१३ साली भात्याला हात लावला म्हणून दंड. २०१६ साली गेलेला वेळ भरून दिला. या दोन नोंदींच्या मध्ये एक साधी गोष्ट आहे. घाटात एकट्या पडलेल्या माणसाला त्याच्या मापाची मदत वेळेवर मिळावी, हे जगाला पटलं. त्या मदतीला टपावर जागा मिळाली. जमेच्या बाजूला ही रक्कम लिहिली आणि खातं जरा जुळायला लागलं.

पण मला जुळलेलं खातं दिसलं ते याआधीच, आणि तेही फ्रान्समध्ये नव्हे. आपली एसटी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिल्यांदा धावली. माझ्या लहानपणी तिचा टप म्हणजे दुसरा मजला असे. मागं लोखंडी शिडी, वर कठडा. टपावर बोचकी, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, कोंबड्यांच्या करंड्या, आणि हमखास एखादी सायकल. आमचे आण्णा प्राथमिक शिक्षक. मी चौथीत असताना त्यांची बदली झाली. नव्या गावची एसटी तिठ्यापर्यंतच जाई. शाळा तिथून सात किलोमीटर आत. म्हणजे बिऱ्हाडात भांडी राहिली तरी चाललं असतं, सायकल राहून चालणार नव्हतं.

स्टँडवर हमाल होता. पण आण्णांनी त्याला ट्रंका दिल्या, सायकल दिली नाही. हँडल सैल करून आडवं फिरवलं, म्हणजे जागा कमी लागते. मग धोतराचा काचा मारून, सायकल एका खांद्यावर घेऊन ते स्वतः शिडी चढले. आधी काथ्यानं बांधली, मग वरून जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्यांनी आवळली. काथ्या हादऱ्यानं ढिला पडतो, रबर ताणलेलं राहतं, हे त्यांना कुठल्याही स्वीडिश गृहस्थानं सांगितलं नव्हतं. खाली येऊन त्यांनी हाताला लागलेला काळा डाग धोतराला न लावता माझ्या दप्तराला पुसला. कंडक्टरनं तिकिटं फाडली. माझं अर्धं तिकीट आणि सायकलीचं लगेज, दोन्ही आण्णांनी कोटाच्या एकाच खिशात ठेवली. वाटेत दर थांब्याला ते उतरत, चार पावलं मागं जात, वर बघत आणि येऊन बसत. आई म्हणाली, "अहो, कुठं जात नाही ती." ते म्हणाले, "ती नाही जात. पण मला जायचंय." त्या सायकलीवर ते पुढं सहा वर्षं रोज चौदा किलोमीटर गेले. पावसाळ्यात ओढ्याला पाणी असलं की सायकल त्यांच्या खांद्यावर. त्यांना कुणी 'छंद?' असं विचारलं असतं, तर त्यांनी 'रविवारी न चालवणे' असं लिहिलं असतं.

आता त्यांचाच नातू दर रविवारी सायकल टपावर बांधतो. मी मागच्या आठवड्यात त्याला फोनवर हे सगळं सांगितलं. आण्णांच्या ट्यूबचं ऐकून तो हसला आणि म्हणाला, त्याच्या रॅकलाही चाकं आवळायला पट्टेच आहेत. सिएटलच्या शहरबसच्या नाकाडावरही १९९०च्या दशकापासून सायकलीची घडीची चौकट लावलेली असते. ज्याची त्यानं सायकल चढवायची, ज्याची त्यानं उतरवायची, लगेजचं तिकीट नाही. हे आण्णांना फार आवडलं असतं. मग तो जरा थांबून म्हणाला, "काका, पाच दिवस खुर्चीत बसून पडद्याकडं बघतो. डोंगरावर सायकल घेतली नाही ना, तर सोमवारी मी ऑफिसला जाऊ शकणार नाही." मी त्याला किंमतीबद्दल पुन्हा काही बोललो नाही. आजोबांना शाळेत पोचायला सायकल लागायची, नातवाला सोमवारपर्यंत पोचायला लागते. ओझं तेच आहे. फक्त त्याचं लगेज आता डॉलरमध्ये फाडतात.

आमच्याकडेही गेल्या वर्षीपासून एक लहानशी मोटार आहे. तिच्या माहितीपुस्तकात टपावर किती किलो चालतील ते छापलेलं आहे, पण रॅक अजून लावलेला नाही. डोक्यावर घेऊन जावं असं माझ्यापाशी नेमकं काय आहे, ते ठरलेलं नाही. लोणच्याची बरणी, असं हिचं म्हणणं; तिला धुळ्याला मामेभावाकडे जायचं आहे. तूर्त टपावर सोसायटीतलं एक मांजर झोपतं. त्याचं वजन मर्यादेत आहे. त्याला पन्हळ लागत नाही, पट्टे लागत नाहीत. मी किल्ली फिरवली की ते एक डोळा उघडतं, अंग ताणतं आणि आपणहून खाली उतरतं. मी निघालोय कुठं, हे त्याला ठाऊक असतं. बँकेत. तिथं टपावर बांधून न्यावं असं काही नाही, हे त्याला माझ्याआधी कळलेलं आहे.